कूतचा वेढा आणि दख्खन

१९१४ च्या महायुद्धाचें नांव निघालें म्हणजे फ्रान्समधील खंदक, बेल्जममधील उद्ध्वस्त शहरें आणि विषारी वायूचे ढग डोळ्यांपुढें येतात. शालेय पुस्तकांनींहि हेंच चित्र पुनः पुनः रंगविलें आहे. परंतु महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर त्या युद्धाचें खरें रणांगण फ्रान्स नव्हे. तें तैग्रिस नदीच्या कांठीं, बसरा आणि बगदाद यांच्या दरम्यान होतें. तेथें कूत-अल्-अमारा नांवाच्या एका मातकट गांवांत तीन मराठा पलटणी १४७ दिवस कोंडल्या गेल्या आणि अखेर उपासमारीमुळें त्यांना शस्त्रें खालीं ठेवावीं लागलीं. त्याच वेळीं औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, आणि भोंवतालचा मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता. तेथें या युद्धानें निराळाच पेंच निर्माण केला. शत्रु तुर्कस्तान, तुर्कस्तानचा सुलतान हा मुसलमानांचा खलिफा, आणि निजाम हा इंग्रजांचा दोस्त! कोणाशीं लढावयाचें हें ठरविणारे एक आणि लढून मरणारे दुसरे, ही स्थिति इतक्या उघडपणें क्वचितच कोठें दिसली असेल.

युद्धाचें निमित्त सर्वांस ठाऊक आहे. २८ जून १९१४ रोजीं साराजेव्हो येथें ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. मारेकरी एकोणीस वर्षांचा सर्ब तरुण होता. त्या दिवसापासून अवघ्या सदतीस दिवसांत अर्धा युरोप हातघाईवर आला. ऑस्ट्रियानें सर्बियावर शस्त्र उपसलें. सर्बियाचा कैवारी म्हणून रशियानें सैन्याची जमवाजमव सुरू केली. जर्मन सेनापतींचा बेत असा कीं, रशियाचें अवाढव्य सैन्य गोळा होण्यापूर्वींच बेल्जममधून घुसून फ्रान्सला लोळवावयाचें. अर्थात् एका दिवसाची दिरंगाईहि त्यांच्या हिशेबीं पराभवासारखीच होती. तहनामे, फौजेच्या आगगाड्यांचीं वेळापत्रकें आणि परस्परांविषयींची भीति यांनीं मुत्सद्द्यांच्या हातांतले लगाम काढून घेतले. ४ ऑगस्ट रोजीं इंग्लंड युद्धांत उतरलें. इंग्लंडचा बादशहा तोच हिंदुस्थानचा बादशहा. म्हणून हिंदुस्थानहि त्याच क्षणीं युद्धांत ओढला गेला. येथील कोणत्याहि कौन्सिलास आधीं विचारावें असें कोणास वाटलें नाहीं.

तरीहि ऑगस्टमध्यें मेसापोटेमियाचा, म्हणजे आजच्या इराकचा, संबंध कोठेंच नव्हता. तो आला तेलामुळें. इंग्रजांचें आरमार तेव्हां कोळसा सोडून तेलावर चालूं लागलें होतें, आणि इराणी आखाताच्या टोकाशीं आबादान येथें ज्या कंपनीचा तेल शुद्ध करण्याचा कारखाना होता तिचे निम्म्याहून अधिक भाग १९१४ सालींच ब्रिटिश सरकारनें विकत घेतले होते. नदीच्या पलीकडे तुर्कांचा मुलूख. १६ ऑक्टोबर १९१४ रोजीं मुंबई बंदरांतून फौजेची एक तुकडी निघाली आणि बहारीनजवळ जाऊन थांबली. तुर्कस्तानशीं युद्ध जाहीर झालें तें ५ नोव्हेंबरला! म्हणजे युद्ध सुरू होण्यापूर्वींच सैन्य दाराशीं उभें होतें. या पहिल्याच तुकडींत ११७ वी मराठा पलटण होती. ६ नोव्हेंबरला फाव येथें सैन्य उतरलें आणि महिना संपण्यापूर्वीं बसरा हातीं आलें. तेलाचें रक्षण एवढाच जर हेतु होता, तर मोहीम तेथेंच थांबावयास हवी होती.

इकडे तुर्कस्तानच्या शेख-उल्-इस्लामनें नोव्हेंबरमध्यें जिहादचा फतवा काढला. हैदराबादेस मीर उस्मान अलीखान गादीवर येऊन तीनच वर्षें झालीं होतीं. हिंदुस्थानांतील सर्वांत मोठ्या मुसलमान संस्थानिकानें कोणता पक्ष घ्यावा याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. निजामानें जाहीरनामा काढून मुसलमानांनीं इंग्रजांशींच एकनिष्ठ राहावें असें सांगितलें, आणि आपले हैदराबाद लान्सर्स व इंग्रजी फौजेंतील २० वा डेक्कन हॉर्स या दोन रिसाल्यांच्या खर्चासाठीं ६० लाख रुपये दिले.

या डेक्कन हॉर्सचें औरंगाबादशीं जुनें नातें आहे, आणि तें मोठें विलक्षण आहे. निजामाच्या खर्चानें व इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं जी हैदराबाद कंटिंजंट फौज ठेवलेली असे, तिच्या पहिल्या रिसाल्याचा हा वारस. औरंगाबादच्या छावणींत असतांना याच पहिल्या रिसाल्यानें जून १८५७ मध्यें बंड केलें होतें. आपणांस दिल्लीच्या बादशहावर नेणार अशी वार्ता स्वारांत पसरली, आणि निजामाच्या मुलुखाबाहेर जाऊन बादशहाशीं आम्ही लढणार नाहीं असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. जनरल वुडबर्न पुण्याकडून फौज घेऊन आला. कांहींना गोळ्या घातल्या, कांहींना तोफेच्या तोंडीं दिलें. शहरांतील क्रांति चौकाचा काळा चबुतरा ही त्या शिक्षेची जागा, असें परंपरा सांगते. पुढें १९०३ मध्यें कंटिंजंट मोडून तिचे रिसाले हिंदुस्थानच्या फौजेंत मिळविले गेले, आणि १९१४ मध्यें हाच रिसाला फ्रान्सला गेला. बादशहाशीं लढण्याचा प्रश्न सत्तावन्न वर्षांपूर्वीं ज्यांनीं छावणींत उभा राहून विचारला, त्यांच्या वारसांना खलिफाच्या मित्राशीं लढण्याविषयीं कोणीं विचारलें नाहीं; आणि त्यांनींहि विचारलें नाहीं. १४ जुलै १९१६ रोजीं सोमच्या लढाईंत हाय वुड नांवाच्या रानाजवळ या स्वारांनीं भाले रोखून उभ्या पिकांतून दौड केली. शत्रूचे कांहीं लोक मारले, कांहीं धरले. पण तोफा आणि यंत्रबंदुका यांच्यापुढें घोड्याचा काळ संपला होता. दुसऱ्या दिवशीं त्यांना मागें घ्यावें लागलें, आणि तें रान हातीं येण्यास १५ सप्टेंबर उजाडला.

परंतु दख्खनच्या माणसांची खरी सत्त्वपरीक्षा झाली ती मेसापोटेमियांत. बसऱ्याच्या विजयानें सेनाधिकाऱ्यांची हांव वाढली. कुर्ना, शैबा, अमारा, आणि सप्टेंबर १९१५ मध्यें कूत अशीं एकेक गांवें घेत जनरल टाउनशेंडची सहावी डिव्हिजन नदीनें वर सरकली. नकाशावर ही आगेकूच फार झोंकदार दिसे. प्रत्यक्षांत त्या देशांत रस्ता नव्हता, लोहमार्ग नव्हता. दाणा, दारूगोळा, औषध, सगळें नदींतून न्यावयाचें आणि उथळ पाण्यांत चालणाऱ्या आगबोटी तर मोजक्याच. फौज जितकी पुढें जाई तितकी बोटींची खेप लांबे. मोहिमेचा कारभार दिल्ली-सिमल्याहून चाले, आणि तेथील जमाखर्च काटकसरीचा. बोटी मागितल्या तर उत्तर येण्यास महिने लागत. अशा स्थितींत बगदाद घेण्याची परवानगी लंडनहून मिळाली.

बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथें, प्राचीन इराणी बादशहांच्या राजवाड्याची प्रचंड कमान जेथें उभी आहे तेथें, २२ नोव्हेंबर १९१५ रोजीं लढाई झाली. साडेचार हजारांहून अधिक माणसें मेलीं वा जखमी झालीं. जखमींना नेण्यास स्प्रिंग नसलेल्या खेंचरांच्या गाड्या. त्यांत हाडें मोडलेलीं माणसें एकमेकांवर रचलेलीं. तेथून पुढें बोटींवर आणि बोटींना बांधलेल्या तराफ्यांवर कित्येक दिवस, उघड्यावर. बसऱ्याच्या धक्क्यावर ‘व्हरेला’ या इस्पितळी जहाजाचे डॉक्टर मेजर कार्टर यांनीं अशी एक बोट येतांना पाहिली. त्यांनीं जें पाहिलें तें तसेंच लिहून वरिष्ठांना कळविलें. तेव्हां त्यांना शाबासकी मिळण्याऐवजीं धाक घालण्यांत आला. या एका माणसाची लेखणी पुढें फार मोठें काम करून गेली.

टाउनशेंडची थकलेली फौज ३ डिसेंबरला कूतला परतली, आणि चारच दिवसांत तुर्कांनीं वेढा पक्का केला. नदीनें तिन्ही बाजूंनीं वेढलेली जिभेसारखी जमीन, चौथ्या बाजूला खंदक. आंत १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा. त्यांच्याबरोबर पंजाबी, रजपूत, गुरखे आणि गोरे शिपाई, शिवाय गांवांतले हजारों अरब रहिवासी. टाउनशेंडनें प्रथम कळविलें कीं शिधा जेमतेम महिना-दोन महिने पुरेल. त्यामुळें बाहेरून सोडविण्यास येणाऱ्या फौजेनें तयारी अपुरी असतां जानेवारींत चिखलांतून हल्ल्यावर हल्ले केले आणि हजारों माणसें गमावलीं. मग गांवांत झडती घेतांना धान्याचे सांठे सांपडले आणि शिधा आणखी तीन महिने पुरेल असें निघालें! कोठार आधीं मोजलें असतें तर किती घरें वाचलीं असतीं? एका सेनापतीच्या हातून घडलेल्या चुकांत ही सर्वांत महाग होय. पण त्याच्या आत्मचरित्राचा सूर वाचला तर तिचें फारसें ओझें त्याला वाटलेलें दिसत नाहीं.

फेब्रुवारीपासून घोडे आणि खेंचरें कापूं लागले. गोऱ्या शिपायांनीं तें मांस खाल्लें. हिंदी शिपायांनीं, हिंदूंनीं आणि मुसलमानांनीं, तें नाकारलें. धर्माची आडकाठी हें एक कारण. गांवीं परत गेल्यावर जातभाई काय म्हणतील ही धास्ती त्याहून मोठी. हिंदुस्थानांतील धर्मगुरूंकडून आपद्धर्म म्हणून परवानगीच्या तारा आणवून बिनतारी यंत्रानें वेढ्यांत कळविल्या, तरी बहुतेकांचा निश्चय ढळला नाहीं. येथें निसर्गानेंहि विलक्षण खेळ केला. गोऱ्यांना पांढऱ्या मैद्याच्या पावामुळें बेरीबेरी झाला. हिंदी लोक कोंड्यासकट कणीक खात म्हणून त्या रोगापासून बचावले, पण ताजा भाजीपाला नाहीं आणि मांसहि नाहीं, त्यामुळें स्कर्व्हीनें त्यांच्या हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उकलल्या, पायांत उभें राहण्याचें त्राण उरलें नाहीं. कांहींनीं खंदकाभोंवतीं उगवलेला रानपाला उकडून खाल्ला. एप्रिलमध्यें शिधा मूठभर पिठावर आला, तेव्हां बहुतेकांनीं घोड्याचें मांस पत्करलें. पण फार उशीर झाला होता. हिंदी शिपायांच्या या हट्टामुळें वेढा लवकर कोसळला असा ठपका पुढें ठेवण्यांत आला. ज्यांनीं कोठार मोजलें नाहीं त्यांनीं उपाशी माणसाच्या व्रताला दोष द्यावा, यांत न्याय कोणता?

अन्न पोंचविण्याचे शेवटचे प्रयत्न झाले. विमानांतून पिठाचीं पोतीं टाकलीं. जगाच्या इतिहासांत वेढलेल्या फौजेला आकाशांतून रसद पुरविण्याचा हा पहिलाच प्रसंग. कांहीं पोतीं नदींत पडलीं, कांहीं तुर्कांच्या बाजूस. त्यापूर्वीं तर जात्याचे दगडहि विमानांतूनच आले होते. २४ एप्रिलच्या रात्रीं ‘जुल्नार’ नांवाची आगबोट २७० टन सामान घेऊन तुर्कांच्या तोफांमधून घुसली. नदींत आडव्या बांधलेल्या तारेच्या दोरांत अडकून तीहि शत्रूच्या हातीं गेली. पैसे घेऊन फौज सोडावी असा निरोपहि तुर्कांकडे पाठविण्यांत आला. तो त्यांनीं झिडकारला. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारे तेरा हजार माणसें शरण गेलीं. त्यांना सोडविण्याच्या प्रयत्नांत बाहेरच्या फौजेचीं सुमारे तेवीस हजार माणसें मेलीं वा जायबंदी झालीं होतीं.

टाउनशेंडला तुर्कांनीं कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर बंगल्यांत ठेवलें. शिपाई वाळवंटांतून पायीं हांकले गेले. कित्येक वाटेंतच पडले. जे उरले त्यांतील पुष्कळांना रास-अल्-ऐन येथें बगदाद रेल्वेच्या कामावर लावण्यांत आलें. हिंदी कैद्यांपैकीं हजारों परत आले नाहींत. कोंकणांत आणि घाटावर महिनोन् महिने एवढेंच कळलें कीं माणूस बेपत्ता आहे. कुंकू ठेवावें कीं पुसावें, हा प्रश्न त्या काळांत कित्येक घरांनीं पोस्टाच्या शिपायाची वाट पाहत काढला.

कूत पडण्याच्या आदल्या दिवशीं, २८ एप्रिल १९१६ रोजीं, बेळगांवीं लोकमान्य टिळकांनीं होमरूल लीगची स्थापना केली. हा केवळ तारखांचा योगायोग. पण पुढें या दोन घटना एकमेकींना येऊन मिळाल्या. कार्टरच्या अहवालासारख्या गोष्टी लंडनला पोंचल्या आणि पार्लमेंटनें चौकशी कमिशन नेमलें. १९१७ मध्यें त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत हिंदुस्थान सरकारची अकार्यक्षमता आणि औषधपाण्याची अनास्था उघडी पडली. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला. त्यांच्या जागीं आलेले माँटेग्यू यांनीं थोड्याच दिवसांपूर्वीं पार्लमेंटमध्यें याच राज्ययंत्रावर, तें काळाच्या मागें पडलेलें व न वांकणारें आहे, अशी झोड उठविली होती. २० ऑगस्ट १९१७ रोजीं त्यांनीं हिंदुस्थानास क्रमाक्रमानें जबाबदार राज्यपद्धति देण्याचें धोरण जाहीर केलें, आणि हिंदी लोकांना बादशाही कमिशन देण्याचा निर्णयहि त्याच वेळीं झाला. १९१९ च्या सुधारणांच्या मागें राजकारणाचा रेटा होता हें खरें. पण जें दार त्या रेट्यानें उघडलें त्याचा खिळा कूतमध्यें ढिला झाला होता. जून १९१८ मध्यें मुंबईच्या युद्धपरिषदेंत टिळक शिपायांबरोबर स्वराज्याचीहि गोष्ट बोलूं लागले, तेव्हां गव्हर्नर विलिंग्डन यांनीं त्यांना अडविलें आणि टिळक सभेंतून उठून गेले. माणसें हवींत, पण त्यांचा प्रश्न नको, हा तो प्रकार.

घरांतील बदल याहून संथ आणि अधिक खोल होते. हिंदुस्थानांतून सुमारे तेरा लाख माणसें समुद्रापार गेलीं. त्यांतील जवळजवळ निम्मीं मेसापोटेमियांत. कापड, घासलेट, मीठ महागलें. चांदीचा भाव इतका चढला कीं रुपया वितळवून विकणें फायद्याचें ठरूं लागलें. लोकांनीं रुपये पुरले. सरकारला १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली, आणि १९१८ मध्यें अमेरिकेकडून चांदी आणून वेळ मारून न्यावी लागली. निजामाच्या राज्यांत चलन हालीसिक्क्याचें. तेथेंहि १९१८ मध्यें कायदा होऊन प्रथमच कागदी नोटा निघाल्या. औरंगाबादच्या आठवडे बाजारांत कापूस विकून कागद घेऊन घरीं जाणें ही शेतकऱ्याला मोठीच नवलाई असली पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांना मात्र सुगी आली. आणि जानेवारी १९१९ मध्यें लाखाहून अधिक गिरणीकामगारांनीं महागाईमुळें काम बंद ठेवलें.

त्याच सुमारास पाऊस फसला आणि साथ आली. जून १९१८ मध्यें मुंबईच्या गोदींत पहाऱ्यावर असलेल्या पोलिसांत इन्फ्लुएन्झा दिसला. पावसाळा सरतांना त्यानें उग्र रूप धरलें आणि आगगाडीच्या वाटेनें तो आंतल्या मुलुखांत शिरला. मनमाडहून औरंगाबादवरून हैदराबादेस जाणारा लोहमार्ग १९०० पासून चालू होताच. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें मेलीं. युद्धांत कामास आलेल्या सुमारे चौऱ्याहत्तर हजार हिंदी सैनिकांच्या शंभराहून अधिक पट. हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १९११ मध्यें १ कोटी ३३ लाखांवर होती. १९२१ मध्यें ती १ कोटी २४ लाखांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढावयाची ती नऊ लाखांनीं घटली.

युद्धाच्या निकडीनें एक बंद दरवाजाहि किलकिला झाला. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनीं महार समाजाची भरती थांबविली होती. निवृत्त सैनिकांनीं केलेले अर्ज वाया गेले होते. माणसें अपुरीं पडूं लागतांच १९१७ मध्यें १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरतांच १९२१ मध्यें मोडण्यांतहि आली. पुढचें महायुद्ध सुरू झाल्यावर, १९४१ मध्यें, महार रेजिमेंट पुनः उभारली गेली. याच १९१७ सालीं एका महार सुभेदाराचे पुत्र भीमराव आंबेडकर लंडनहून परतत होते. त्यांचे ग्रंथ व कागदपत्र ज्या बोटीनें येत होते ती पाणतीराला बळी पडली. चांदीच्या रुपयाच्या ज्या गोंधळानें बाजार हवालदिल झाला त्याच प्रश्नावर त्यांनीं १९२३ मध्यें आपला ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध प्रसिद्ध केला, आणि १९५० मध्यें औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय काढलें.

निजामाच्या एकनिष्ठेचें काय झालें? १९१८ मध्यें त्याला ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ आणि ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त हे किताब मिळाले. हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर यांच्या स्वारांनीं सुवेझ व पॅलेस्टाइनमध्यें केलेल्या कामगिरीचें स्मारक म्हणून दिल्लींत तीन पुतळे उभे राहिले. तोच तीन मूर्ति चौक. परंतु निजामाला किताब नको होता, वऱ्हाड हवा होता. कंटिंजंटच्या खर्चापोटीं १८५३ मध्यें इंग्रजांकडे गेलेला तो प्रांत त्यानें १९२३ मध्यें परत मागितला, आणि १९२६ मध्यें लॉर्ड रीडिंग यांनीं कडक शब्दांत नकार दिला.

ज्या खलिफाविरुद्ध त्यानें जाहीरनामा काढला ती खिलाफत मार्च १९२४ मध्यें तुर्कांनींच बरखास्त केली. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद देशोधडीला लागले, तेव्हां त्यांना दरमहा ३०० पौंडांचें वर्षासन दिलें तें निजामानेंच. आणि १९३१ मध्यें त्यांची कन्या दुर्रुशेहवार निजामाच्या थोरल्या मुलाची बेगम झाली. अब्दुल मजीद १९४४ मध्यें पॅरिसला वारले. त्यांना दख्खनमध्यें पुरण्याचा विचार होता असें सांगतात, आणि औरंगाबादजवळ खुलताबादेस, जेथें औरंगजेबाची साधी कबर आहे त्याच टापूंत, त्यांच्यासाठीं म्हणून बांधलेली एक घुमटी दाखवितात. खलिफाचा देह दहा वर्षें पॅरिसच्या मशिदींत राहिला आणि १९५४ मध्यें मदिनेस पुरला गेला. खुलताबादची ती घुमटी रिकामीच आहे.